उद्याची मॅच सांगणारा रुद्राप्पा

कोल्हापूरच्या माणसाला धीर म्हणून नाही, हे त्याचे मित्रसुद्धा सांगतील. मुरगूडला निघालेला गडी अजून चपला शोधत असतो आणि दारातूनच ओरडतो, "गेलो आन् आलो." ताट वाढलंय म्हणून हाक मारावी, तर कोपऱ्यावर गप्पा हाणत उभा राहून "आलो, आलो" म्हणतो आणि भाकरी वातड झाल्यावर उगवतो. फुटबॉलच्या बाबतीत तर विचारायलाच नको. मॅच उद्या दुपारी, आणि पेठेतला शेंबडा पोरगाही आज संध्याकाळी सांगणार, "हाणलं की खंदकवाल्यांस्नी." खंदकवाले म्हणजे पलीकडच्या पेठेतली टीम. हाणू नाही, हाणणार नाही, हाणलं. "जिंकू" म्हणणारा गडी जरा कच्चा समजायचा, आणि "जिंकायला पायजे" असं कुणी म्हणालाच, तर त्याच्या हातातला चहा काढून घ्यायचा. भविष्यकाळ राखून ठेवलेला असतो तो समोरच्या टीमसाठी. "करतील की त्ये बी काय तरी," असं मोठ्या मनानं म्हणून टाकायचं.

मॅच सुरू झाली की मात्र ही भाषा पातळ व्हायला लागते. एक गोल खाल्ला की "फेडतोय बघ आता" येतं. हाफटाइमनंतर "फेडल, फेडल" येतं. शेवटी स्टेडियमच्या पायऱ्या उतरताना अख्खी पेठ मान खाली घालून "पोलला लागला नसता तर गेला असता" असं बोलत घराकडे जाते, आणि पुढच्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी तीच पेठ पुन्हा "हाणलं की" म्हणायला मोकळी.

आडव्या मारुतीच्या तालमीत हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, तिथं त्याची रीत होती. तालमीत कुस्ती खेळणारं आता कुणी उरलं नव्हतं. आखाड्यावर फळ्या टाकून त्यावर टीमचे बूट वाळत घातलेले असायचे. पण रीत कुस्तीच्या काळातली. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे तालमीपुढच्या कट्ट्यावर जमायचे आणि एकजण उद्याची मॅच सांगायचा. सांगायची ती झालेली म्हणून. ऐकणाऱ्यांनी प्रश्नही तसेच विचारायचे. पहिला गोल कुणी मारला, रेफ्रीनं पेनल्टी दिली का, खंदकवाले भांडले का. मॅच सांगून झाली की चहा.

सांगितलेली मॅच उलटली, म्हणजे टीम हरली, की सांगणाऱ्याला कुलूप बसायचं. नवा हंगाम लागेपर्यंत त्यानं काहीही घडलेलं म्हणून सांगायचं नाही. कुणी काहीही विचारलं तरी "बघू" एवढंच म्हणायचं. कुलूप तोडलं तर ते टीमवर येतं, अशी समजूत. तालमीचे अध्यक्ष हंबीरराव शपथेवर सांगायचे की त्यांच्या चुलत्यानं एकदा कुलूप तोडलं आणि त्या वर्षी टीमचे दोन गडी पाय मोडून घरी बसले. हा सगळा पोरखेळ आहे, असं पेठेतला प्रत्येकजण म्हणायचा, आणि प्रत्येकजण पाळायचा.

रुद्राप्पा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. आजोबांच्या वेळी निपाणीकडून आलेलं लिंगायताचं घर, घरात कानडी, दार ओलांडलं की मराठी. दोन्ही भाषांत तो बेताचंच बोलायचा. नव्वद सालानंतर कधीतरी, मॅच सांगणारा म्हातारा गेल्यावर, कट्ट्यावर कुणाचंच जमेना, तेव्हा गंमत म्हणून लोकांनी ह्या मुक्या माणसाला पुढं ढकललं. आणि रुद्राप्पानं तोंड उघडलं ते सगळी पेठ ऐकत राहिली. तो गोल कुणी मारला एवढंच सांगायचा नाही. गोल मारायच्या आधी पोरानं मोजा वर ओढला, हे सांगायचा. थ्रोला गेलेला बॉल शेंगदाणेवाल्याच्या पाटीत पडला आणि तो शिव्या देत उठला, हे सांगायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, आपण कालच बघून आलोय. खेळणारी पोरंही ऐकायला यायची आणि उद्या आपण गोल मारलाय हे कळल्यावर शांत झोपायची.

लबाडीही होतीच. टीम हरण्यातली आहे असं दिसलं की रुद्राप्पाचा घसा बसायचा. मग दुसरा कुणीतरी उत्साही सांगायचा आणि कुलूप लावून घ्यायचा. रुद्राप्पाला दहा-अकरा वर्षांत एकदाही कुलूप बसलं नाही ते असं.

हे सगळं पहिल्यांदा ऐकणारं माणूस म्हणजे त्याची बायको, रत्नव्वा. कट्ट्यावर जायच्या आधी रुद्राप्पा मॅच तिला सांगायचा. ती चुलीपुढं भाकरी थापत असायची, हा पाटावर बसून हळू आवाजात सांगायचा. रत्नव्वानं उभ्या जन्मात स्टेडियम आतून बघितलं नव्हतं. कॉर्नर म्हणजे काय हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पण टीममधली सगळी पोरं तिला त्यांच्या आयांवरून माहीत होती. "री," ती म्हणायची. कानडी बायका नवऱ्याला हाक मारतात ती ही 'री'. "री, त्या झुंबरबाईच्या पोराला गेल्या बारीला बी तुम्ही गोल दिला न्हाई. तिला वाईट वाटतंय." मग रुद्राप्पा झुंबरबाईच्या पोराला एक गोल द्यायचा. गंमत म्हणजे बऱ्याचदा तो पोरगा दुसऱ्या दिवशी जीव तोडून पळायचा. रत्नव्वाला फुटबॉलचं काही नव्हतं. नवरा एरवी घरात चार शब्द बोलत नाही, त्या संध्याकाळी तो तासभर बोलतो, ह्याचंच तिला अप्रूप होतं.

दोन हजार दोन साली, संक्रांतीच्या सुमाराला, खंदकवाल्यांशी मॅच पडली. आपल्या गोलकीपरचा अंगठा दुखावलाय हे रुद्राप्पाला ठाऊक होतं. घसा बसवायचीच वेळ होती. पण हंबीररावांनी बाहेरगावचे पाहुणे आणले होते आणि त्यांना हा गडी ऐकवायचाच होता. रुद्राप्पा घरी आला तर चूल थंड. रत्नव्वा भिंतीकडं तोंड करून पडलेली. पोटात दुखतंय म्हणाली, भाकरी शेजारणीकडनं आणलीय म्हणाली. तो तसाच जेवला आणि तिला न सांगताच कट्ट्यावर गेला. तिथं त्यानं मॅच सांगितली, पाहुणे खूष झाले, आणि दुसऱ्या दिवशी खंदकवाल्यांनी तीन गोल घातले.

रुद्राप्पाला कुलूप बसलं. खंदकातली पोरं त्याच्या सायकलमागं धावत "बघू, बघू" ओरडायची. त्याला ते फार लागलं, इतकं लागायची गरज नव्हती. घरी येऊन तो रत्नव्वाला म्हणाला, "तू ऐकलं न्हाईस, म्हणून उलटली." बोलला ते अर्धं चेष्टेत. पण अर्धं चेष्टेत नव्हतं, आणि बायकोला ते कळल्याशिवाय राहतंय होय? "हौदरी, माझंच चुकलं," असा कानडी होकार देऊन ती उठली आणि पोटावर हात दाबून भांडी घासायला बसली. ते दुखणं नुसतं त्या दिवसाचं नव्हतं. कित्येक महिने ती ते अंगावर काढत होती. ह्या शहाण्याला उद्याच्या मॅचमधला मोजा दिसायचा आणि घरातलं माणूस पोट धरून बसलेलं दिसत नव्हतं.

शिमग्याच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं, गर्भाशयात गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल. रत्नव्वाला दवाखान्यात ठेवलं. संकेश्वरला दिलेली मुलगी वर्षाराणी दिवसभर आईजवळ बसायची आणि रुद्राप्पा कामावरून सुटला की थेट तिकडं जायचा. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वर्षाराणी खाली औषधं आणायला गेली होती. बायकांचा मोठा वॉर्ड, शेजारच्या खाटेवर मुरगूडकडची एक बाई, कुणाच्या डब्यातला आमटीचा वास, कुठंतरी रेडिओ. रत्नव्वा उठून उशीला टेकली. तिनं केस विंचरून घेतले होते.

"री," ती म्हणाली, "उद्याचं सांगा की."

रुद्राप्पाला आधी कळलंच नाही. कुठल्या मॅचचं म्हणतेय, असं त्यानं विचारलं.

"मॅच न्हवं. माझं. उद्या मला आत न्हेलं, मग काय झालं, त्ये."

 तो हसून म्हणाला, "कुलूप हाय न्हवं मला."

"हितं कुठला कट्टा आलाय? हळू सांगा. मला एकटीलाच."

खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला कट्टाही आठवला, हंबीररावांचा चुलताही आठवला आणि पाय मोडून घरी बसलेले गडीही आठवले. पण त्याच्याही खाली दुसरंच काहीतरी होतं. त्यानं सांगितलेली शेवटची गोष्ट उलटली होती. आता हिला "बरी झालीस, घरी आलीस" असं सांगितलं आणि तेही उलटलं तर?  हे भ्यालेपण तिला सांगितलं असतं तरी चाललं असतं. "रत्ना, मला भ्या वाटतंय," एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी तो पांघरुणाचं टोक सरळ करत म्हणाला, "बघू. डॉक्टर हायत की. बघू."

रत्नव्वानं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. "हौदरी," ती म्हणाली, "बघू." मग बस चुकेल म्हणून तिनंच त्याला उठवलं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बाहेर येऊन तसं सांगितलं, वर्षाराणीनं पेढे आणते म्हटलं. रत्नव्वाला दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं, तिथं ती डोळे उघडायची, मिटायची. तिसऱ्या दिवशी दुपारी अचानक दम लागला. रक्ताची गुठळी छातीत गेली, असं नंतर कळलं. रुद्राप्पा लेथवर होता. त्याला बोलवायला माणूस आला, आणि तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

कट्ट्यावरचे सगळे आले. लिंगायतांच्या रितीनं पुरायचं होतं, खड्डा खणण्यापासून माती देईपर्यंत एकजणही हलला नाही. पेठेचं हे खरं आहे, माणूस जातं तेव्हा ती उभी राहते. पण मे महिन्यात चषकाची फायनल झाली आणि आडवा मारुती ती जिंकला. मिरवणुकीतून गुलालानं माखलेले हंबीरराव बाजूला आले, रुद्राप्पाच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "एवढं दुःख आलं, तरी कुलूप न्हाई मोडलंस गड्या. तुझंच फळलं ह्ये." माणूस मनानं वाईट नव्हता. पण कधी कधी वाटतं, प्रेमानं बोलणाऱ्यांची तोंडं आधी शिवावीत.

त्या रात्रीपासून रुद्राप्पाच्या घशाखाली घास नीट उतरला नाही. तो काही खुळा नव्हता. आपण सांगितलं असतं म्हणून रक्तातली गुठळी थांबली नसती, हे त्याला कळत होतं. त्याला खात होतं ते वेगळंच. दहा-अकरा वर्षं ह्या बाईनं न कळणाऱ्या मॅची ऐकल्या, कुणाकुणाच्या पोरांना गोल मागून दिले आणि स्वतःसाठी एकदाच काहीतरी मागितलं. तेही काय, तर चार खोटी-खरी वाक्यं. ज्या कट्ट्यावर ती कधी बसली नाही, त्या कट्ट्याची रीत ह्यानं तिच्या खाटेशी पाळली. आणि आत जाताना तिला काय वाटलं असेल? नवऱ्याला माझ्यापेक्षा टीम मोठी, असंच ना? तो भ्याला होता हे तिला कुठं माहीत होतं? लेथवर काम करताना हा विचार आला की तो मशीन बंद करून उभा राहायचा. मालकानं दोनदा हटकलं, मग हटकायचं सोडून दिलं.

डिसेंबर आला. नवा हंगाम लागला आणि कुलूप आपोआप उघडलं. पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी हंबीरराव सकाळीच येऊन गेले. आज संध्याकाळी तूच सांगायचीस, सगळी पोरं वाट बघतायत, असं बजावून गेले. रुद्राप्पा सवयीनं "बघू" म्हणाला. त्याची सुट्टी होती. दुपारी तो घरात पडून होता, तेवढ्यात दारात कुणीतरी बाईमाणूस त्याचं नाव घेऊन विचारत असल्याचं ऐकू आलं. कट्टा दुपारचा रिकामा होता, पानपट्टीवाल्यानं नुसतं बोट दाखवून तिला आत पाठवलं होतं.

"वळखलं का पावणं?" बाई म्हणाली. "म्या चिमणाबाई. मुरगूडकडची. तुमच्या मंडळींच्या शेजारच्या खाटंवर हुते न्हवं का." तपासणीला कोल्हापुरात आले होते, म्हणाली. तिच्या काखेत घडी केलेली वाकळ होती. रत्नव्वाची. त्या संध्याकाळी हिला थंडी वाजत होती म्हणून रत्नव्वानं ती दिली होती. "दुसऱ्या दिशी त्यांस्नी दुसऱ्या खोलीत ठिवलं, आन् मला औषदावर भागंल म्हणून त्याच सांजंला घरी सोडलं. वाकळ द्यायची ऱ्हाऊनच गेली बघा. ऑपरेशन झ्याक झालं एवढं नर्सबाईनं सांगितलं, म्हणून जिवाला बरं वाटलं."

रुद्राप्पा सांगणार होता. त्यानं तोंडही उघडलं. पण चिमणाबाई उंबऱ्यातच बसली, पदरानं तोंड पुसलं आणि बोलतच सुटली. तुमची मंडळी लई गोड माणूस, म्हणाली. त्या संध्याकाळी आपण ऑपरेशनला भिऊन रडत होतो, तर तिनं जवळ बसवून घेतलं आणि स्वतःचं सांगायला लागली.

"सगळं झालेलं सांगत हुती. मला वाटलं, हिचं आदी एकदा ऑपरेशन झालंय. म्हणाली, सकाळी न्हेलं, सुई टोचली तेवढंच दुखलं. शुद्दीवर आले तर मालक उशाला बसल्यालं. कामाचा खाडा करून आलतं, अंगावर त्येच तेलकट कापडं. मी म्हटलं हाताला गिरीस लागलंय, तर म्हणालं ऱ्हाऊ दे. मंग टाकं काढलं. पोरीनं येणी घातली. मालक रिक्षा आणायला गेलं, रिक्षावाल्यासंगं भांडलं, म्हणाली." चिमणाबाई हसली. "आन् दवाखान्याच्या दारातनं भायेर आले म्हणाली, आन् थांबलीच की. म्हटलं, फुडं? तर म्हणती, फुडचं आमचं मालक सांगत्यात. माझ्यापेक्षा त्यांस्नी झ्याक येतंय. आज त्यांचं मन थाऱ्यावर न्हाई, भ्याल्यात त्ये. उद्या आलं की त्यांस्नीच इचार."

रुद्राप्पा भिंतीला टेकून उभा होता. तो हळूच खाली बसला.

"सकाळी इचारणार हुते," चिमणाबाई म्हणाली, "पर तुम्ही असं तोंड करून हुबा हुता, की धीर झाला न्हाई. ऱ्हाऊनच गेलं. मंग सांगा की वो. रिक्षात बसल्यावर काय झालं?"

बाहेर गल्लीत पोरं बॉल भिंतीवर आपटत होती.  रुद्राप्पानं वाकळ उचलून मांडीवर घेतली आणि सांगायला लागला. आवाज आधी बसका होता, मग हळूहळू मोकळा झाला.

"रिक्षा खड्ड्यातनं गेली की ती माझा दंड धरत हुती. तालमीपुढं पोरांनी रिक्षा आडवली. झुंबरबाई आली, तिनं भाकरतुकडा ववाळून टाकला. ही उंबऱ्यात बसली, तुम्ही बसलाय तितंच. म्हणाली, घर किती घाण केलंय. मी झाडलं हुतं, तरी म्हणाली. मग पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाली, री, आता बोला की काय तरी. मी बोलाय लागलो. लई बोललो. चूल पेटंस्तोवर बोलत हुतो."

चिमणाबाईचा चेहरा फुलला होता. "बरं झालं बाई. मग हाक मारा की त्यांस्नी. मला बघून जाऊ दे."

"न्हाई वो ती," रुद्राप्पा म्हणाला. "तिसऱ्या दिशी वारली. दवाखान्यातनं घरी आलीच न्हाई."

चिमणाबाईला काही कळेना. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग आत रिकाम्या घराकडं बघितलं.

"मग ह्ये सगळं?"

"ह्ये तवा सांगायचं हुतं. तिनं मागितलं हुतं." त्यानं वाकळेची घडी सारखी केली. "मी बघू म्हणालो."

चिमणाबाई पुढं सरकली. तिनं त्याच्या मांडीवरच्या वाकळेवर हात ठेवला आणि ती रडायला लागली. संध्याकाळी कट्ट्यावरनं हंबीररावांच्या हाका येऊ लागल्या, तरी दोघांपैकी कुणीच उठलं नाही.